वीतभर नळी

पेट्रोलचा वास मला घरात सगळ्यांच्या आधी येतो, असं मी म्हणतो. बायकोचं म्हणणं असं, की तो फक्त मलाच येतो. "तुमच्या नाकातच पंप आहे," असं ती एकदा शेजाऱ्यांसमोर म्हणाली. तेव्हापासून मी गाडीभोवती वाकून फिरताना दिसलो, की आमच्या गल्लीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "काय, पंप चालू झाला का?"

मीही हसतो. पण त्या वासामागे जी भीती असते ती मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

आमची गाडी जुनी, लहान, पांढरी. मुलगी याच गाडीवर चालवायला शिकली. गाडीचं इंजिन शेवटी निकामी झालं आणि नेमकी तेव्हाच मुलीला जामनेरला नोकरी लागली, माती तपासणीच्या प्रयोगशाळेत. मातीचे नमुने आणायला गावोगाव फिरावं लागणार, म्हणजे गाडी हवीच. मी दुसरी बघू म्हणालो, तर ती म्हणाली, "मला हीच द्या. हिचा क्लच माझ्या पायाला कळतो." मग धुळ्यातल्या आमच्या नेहमीच्या मिस्तरींनी मार्ग काढला. त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचं, मागून ठोकर बसलेल्या एका गाडीतलं चांगलं इंजिन त्यांनी मिळवलं आणि आमच्या गाडीत बसवलं. इंजिन बदलल्याची नोंद मी आरटीओत रीतसर करून घेतली. त्याशिवाय मी गाडी गेटबाहेर जाऊ दिली नसती.

बाहेरून गाडी तीच राहिली. आत मात्र एक मोठा फरक झाला. जुन्या इंजिनाला कार्ब्युरेटर होता. त्याला पेट्रोल नुसतं पोचलं तरी पुरतं. नळीतलं प्रेशर पाव किलोच्या आसपास असतं. नव्या इंजिनाला इंजेक्टर आहेत. त्यांना टाकीजवळच्या विजेच्या पंपाने पेट्रोल दाबून द्यावं लागतं, आणि तिथे तीन किलो लागतात. गॅरेजमध्ये प्रेशर किलोतच बोलतात. एका चौरस सेंटिमीटरवर इतके किलो, असा त्याचा अर्थ. पाव किलोचे तीन किलो म्हणजे बारा पट. पाव किलोच्या नळीला चीर पडली तर थेंब पडतो. तीन किलोच्या नळीला पडली तर फवारा उडतो. आणि त्या नळीपासून हातभर अंतरावर एक्झॉस्टचा तापलेला पाइप असतो.

अशा गाडीत बसून माझी मुलगी एकटी धुळ्याहून जामनेरला जाणार होती. पारोळा, एरंडोल, जळगाव आणि मग जामनेर.

मी एका तेलगिरणीत हिशेब पाहतो. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही. त्यामुळे इंजिन बसवण्याचं काम चालू होतं तेव्हा मी रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन उभा राहत असे. टाकीपासून पुढे येणारा लोखंडी पाइप जुनाच ठेवायचा होता. तो "अडीच सुताचा", असं मिस्तरी म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, लोहार, नळकाम करणारे, सगळे आमच्याकडे अजून सुतातच बोलतात. नव्या इंजिनाची जोडणी मात्र आठ मिलिमीटरची होती. मी तिथेच हिशेब केला. अडीच सूत म्हणजे सात पूर्णांक चौऱ्याण्णव शतांश मिलिमीटर. फरक सहा शतांश.

"मिस्तरी, हे जुळत नाही."

"भाऊ, सहा शतांश म्हणजे किती, तेवढं दाखवा मला."

मी खिशातून बारीक मोजमापाचा व्हर्निअर काढला. ते आणि त्यांच्याकडचे दोघे कारागीर पोट धरून हसले. "साहेब व्हर्निअर खिशात घेऊन फिरतात! घरी भाकरी पण मोजून थापायला लावत असतील," एक कारागीर म्हणाला.

मग मिस्तरींनी मला नीट समजावलं. लोखंडी पाइप आणि इंजिन थेट जोडायचेच नव्हते. मध्ये नवा, लोखंडी अंगाचा, इंजेक्शनच्या गाडीचा फिल्टर येणार होता. जुना प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टर तीन किलोंत टिकला नसता. पाइपच्या तोंडाला त्यांनी फुगीर कॉलर काढली, म्हणजे वर चढवलेली नळी मागे सरकू नये. पाइपपासून फिल्टरपर्यंत वीतभर लांबीची जाड काळी रबरी नळी, दोन्ही तोंडांना क्लिपा. फिल्टरपासून इंजिनापर्यंत कंपनीची तयार नळी, जी टिक असा आवाज करून बसते. सहा शतांशाचा फरक त्या रबरात कुठल्या कुठे जिरून जाणार होता. पण मला ते पटायला वेळ लागला. माझी सगळी भीती त्या सहा शतांशाला चिकटून बसली होती.

फिल्टरला धरून ठेवणारी पट्टी तेवढी राहिली. जुन्या फिल्टरची पट्टी नव्याला लहान पडत होती. "दोन-चार दिवसांत बनवून लावतो, तोवर वायरने बांधलाय," मिस्तरी म्हणाले.

मी मुलीला तपासणी शिकवली. गाडी बंद करायची, बॉनेट उघडायचं, वर्तमानपत्राचा कपटा प्रत्येक जोडाखाली फिरवायचा आणि कागद उजेडात धरायचा. पेट्रोलचा डाग लगेच उडून जातो, पण तेवढ्या क्षणात कागद पारदर्शक झालेला दिसतो. डाग नसला तर म्हणायचं, "कोरडं." पहिले दोन दिवस ती वैतागली. मग खेळ असल्यासारखं म्हणू लागली. स्वयंपाकघरातून मी हाक मारायचो, "कोरडं?" आणि अंगणातून उत्तर यायचं, "कोरडं!" बायको म्हणायची, "लंगोटातलं पोर आहे का ते, सारखं कोरडं कोरडं?"

सोमवारी मुलगी जामनेरला निघणार होती. आदल्या दिवशी, रविवारी, गाडीची परीक्षा म्हणून आणि मोठ्यांच्या पाया पडणं म्हणून आम्ही तिघं शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी गेलो. तिथे माझे थोरले भाऊ शेती करतात. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, आणि ते अहिराणीच बोलतात. गावाकडचा शेवटचा रस्ता उखडलेला होता. गाडी खळ्यात उभी राहिली, मुलीने इंजिन बंद केलं आणि दार उघडायच्या आधी मला वास आला.

"आला," मी म्हणालो.

"सुरू झालं यांचं," बायको म्हणाली. पण या वेळी मुलगी लगेच खाली उतरली. तिने कपटा काढला आणि बॉनेट उघडलं. कागद लावायची गरजच नव्हती. वायर सैल होऊन फिल्टर खड्ड्यांमध्ये हिंदकळत आला होता आणि काळी नळी शेजारच्या लोखंडी काठावर घासून चिरली होती. चिरेतून पेट्रोल झिरपत होतं. इंजिन चालू असताना ते कुठवर उडत आलं असेल याचा अंदाज मला त्या लोखंडावरच्या धुळीवरून आला. एक्झॉस्टच्या बाजूला धूळ धुऊन निघाली होती.

मी खाली बसलो.

मला असं बसलेलं पाहून नाना गोठ्याकडून आले. "काय व्हयनं रे? असा काब बठना?"

मी दाखवलं. नानांनी वाकून पाहिलं. "नळी तडकी गयी. इतलंच ना? थांब, मन्हाकडे नळी शे."

आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात एक पोतं असतं. ठिबकचे जॉइनर, कॉक, टोप्या, नळ्यांचे तुकडे आणि फवारणीच्या पंपाचं उरलेलं सामान. घरात काहीही गळो, उत्तर त्या पोत्यात असतं. कूलरची नळी, हौदाचा पाइप, म्हशीच्या हौदाचं झाकण, सगळं त्यातून दुरुस्त होतं. नानांनी पोतं उपडं केलं आणि फवारणीच्या मोठ्या पंपाची पिवळी नळी काढली. आत दोऱ्याची जाळी असलेली, जाड, बोटाला घट्ट लागणारी. मी व्हर्निअर लावला. आतला व्यास साडेआठ. क्लिप आवळली की बसणार.

"पण नाना, याच्यात तीन किलो प्रेशर असतं."

नाना हसले. "तीन? आन पंपाले कितलं ऱ्हास, माहीत शे? वीस किलो! वीस किलोले काही होत नही, तुन्हा तीन किलोले काय होई? कसाले भ्यास?"

मी नळीवर छापलेलं वाचलं. वीसच्याही वर लिहिलेलं होतं. आकडा स्पष्ट होता. तिनाच्या जागी वीस. मला एकदम हलकं वाटलं. किती दिवसांत पहिल्यांदा हिशेब माझ्या बाजूने निघाला होता.

तरी मी विचारलं, "पेट्रोलला चालेल?"

"मन्ही मोटरसायकलले हाईच नळी शे. तीन वरीस व्हयनात, एक थेंब गळस नही. जाय, हात लाई देख."

मी गोठ्याजवळ उभ्या असलेल्या मोटरसायकलपाशी गेलो. टाकीखालून तीच पिवळी नळी निघाली होती, उन्हाने तपकिरी झालेली. हात लावून पाहिलं तर काठीसारखी कडक. वाकवली तरी वाकेना. मला वाटलं, काय मजबूत वस्तू आहे.

मुलीने नळीतलं उरलेलं पेट्रोल एका बाटलीत काढून घेतलं. नानांनी धारदार कोयत्याने वीतभर पिवळी नळी कापली, चढवली, मी क्लिपा आवळल्या. फिल्टर आम्ही सुतळीने आणि वायरने घट्ट बांधला. किल्ली फिरवली, मागे टाकीजवळचा पंप घुर्र करून थांबला. कपटा फिरवला. कोरडं. वहिनींनी भरीत-भाकरी वाढली. नानांनी नळीचा उरलेला तुकडा माझ्या हातात दिला. "डिकीमा ठेव. लागी तर कामले येई."

धुळ्याला येईपर्यंत वास आला नाही. घरी आल्यावर पुन्हा कपटा फिरवला, पुन्हा कोरडं. पण मी माझा स्वभाव कुठे नेऊ? त्या तुकड्यातून मी बरोबर पन्नास मिलिमीटर कापले, काचेच्या बरणीत टाकले, बाटलीतलं पेट्रोल ओतलं, झाकण लावलं आणि बरणी गच्चीवर कठड्याच्या सावलीत ठेवली. मनात होतं, आठवडाभर राहू द्यावं. आठवड्याने मोजून पाहावं. काही झालेलं नसेल, पण पाहिलेलं बरं.

सोमवारी सकाळी मुलगी निघाली. बायकोने तिच्या हातावर दही ठेवलं. मी लहान अग्निशामक नळकांडं तिच्या सीटखाली बांधलं होतं, त्यावर बायको म्हणाली, "लग्नात हेच आंदण द्या पोरीला." मुलीने जाण्याआधी स्वतः बॉनेट उघडलं. "कोरडं, पप्पा." मी नियम पुन्हा सांगितले. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, माझाही नाही. पारोळ्याला थांबायचं, तपासायचं, मग मला फोन करायचा. एरंडोलला तसंच. जळगावला तसंच.

"आणि वाटेत कुठे वास आला तर?"

"तर गाडी बाजूला, किल्ली बंद, बाहेर. पर्स राहिली तरी चालेल. मला पाठ आहे, पप्पा."

ती वळणाआड गेली. मी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेलो.

बरणीतलं पेट्रोल पिवळं झालेलं होतं. आदल्या संध्याकाळी ते जवळजवळ पाण्यासारखं होतं. मी झाकण उघडलं, पकडीने तुकडा बाहेर काढला आणि तो पकडीतच चेपला गेला. भिजलेल्या पावासारखा. आतली दोऱ्याची जाळी एका बाजूने सुटून आली होती. मी व्हर्निअर आणला. तीनदा मोजलं. पन्नासचे चौपन्न झाले होते. आतल्या व्यासात माझं करंगळीचं टोक सहज जात होतं, काल जात नव्हतं.

वीस किलो पाण्याचे होते. पाण्यात कालवलेल्या औषधाचे. पेट्रोलबद्दल त्या नळीवर काहीच छापलेलं नव्हतं, आणि मी ते छापलेलं नाही हे वाचलं नव्हतं. नानांच्या मोटरसायकलची नळी कडक होती ती मजबूत म्हणून नव्हे. पेट्रोलने तिच्यातला मऊपणा काढून नेला होता आणि मग ती वाळली होती. तिथे प्रेशर नसतं. पेट्रोल टाकीतून आपोआप खाली येतं, म्हणून ती तशीही निभावली. आमच्या गाडीत आतून पेट्रोल, बाहेरून इंजिनाची गरमी आणि तीन किलोंचा दाब. ती मऊ होणार, फुगणार, आणि क्लिपेतून मागे सरकणार.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

ती माझा नियम पाळत होती.

तो नियम मी तिला इतक्या वेळा सांगितला होता, की ती तो मोडणार नाही हे मला माहीत होतं. मी मेसेज केला, "थांब. गाडी बंद कर. बाहेर ये." तो पोचल्याची खूण आली, वाचल्याची आली नाही. बायको खालून विचारत होती, काय झालं, एवढं काय धावताय. मी तिला बरणी दाखवली. तिने थट्टा केली नाही. ती देवघराकडे गेली आणि दाराशीच उभी राहिली, आत गेली नाही.

मिस्तरींना फोन केला. "फवारणीचा पाइप?" एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "चौकात या. मी नळी घेऊन निघतो."

त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी पारोळ्याच्या रस्त्याला लागलो. रस्ता चांगला, चार पदरी, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती. चांगल्या रस्त्यावर ती सलग चालवणार, इंजिन सलग तापणार. फोन मी हातात घट्ट धरला होता. प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे पाहत होतो. रस्त्याच्या कडेला कुठे काळं पडलंय का, तेही पाहत होतो. तसं पाहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळे आपोआप तिकडे जात होते.

एका चढाच्या पलीकडे धूर दिसला.

मी मिस्तरींच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही दिसला असावा, कारण त्यांनी वेग वाढवला. धूर राखाडी होता. पेट्रोलचा धूर काळा असतो, मी मनात म्हणत होतो, पेट्रोलचा काळा असतो, टायरचा काळा असतो, हा राखाडी आहे. चढ संपेपर्यंत मी दुसरं काही म्हणत नव्हतो. वर आल्यावर दिसलं, शेतात पऱ्हाट्या पेटवलेल्या होत्या. एक बाई बांधावर बसून जाळाकडे लक्ष ठेवत होती. मिस्तरी जोरात ओरडले, वाऱ्यात मला ऐकू यावं म्हणून, "कापसाच्या काड्या आहेत भाऊ! काड्या!"

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा होता. "लागला का?" मी नाही म्हणालो आणि बंद केला, कारण लाइन मोकळी ठेवायची होती. तिच्याशी मी आयुष्यात इतका तुटक बोललो नसेन. पुन्हा वाजला. या वेळी मुलगी होती.

"पप्पा, मी पारोळ्याच्या अलीकडे आहे. ढाब्यापाशी."

"बाहेर आहेस का?"

"बाहेर आहे. गाडीपासून लांब आहे. पाइप फुगलाय. बेडकाच्या गळ्यासारखा. क्लिपेपाशी ओलं आहे."

"किल्ली?"

"माझ्या हातात. पंपाचा फ्यूजपण काढलाय. पप्पा, तुमचे एवढे मिस्ड कॉल का आहेत? तुम्हाला आधीच कळलं?"

मी मिस्तरींच्या कानाशी ओरडलो, "बाहेर आहे! बाहेर आहे!" मिस्तरींनी गाडी कडेला घेतली, मागे हात करून माझ्याकडून फोन घेतला आणि म्हणाले, "बेटा, तिथंच थांब. हात लावू नको. तुझे पप्पा आहेत माझ्यामागे, ठीक आहेत."

आम्ही पोचलो तेव्हा ती ढाब्याच्या कडेला निंबाखाली उभी होती. ढाबेवाल्याने तिच्याजवळ वाळूची बादली ठेवली होती. गाडी दूर एकटी, बॉनेट वर. मी आधी गाडीकडे पाहिलं की मुलीकडे, ते आता आठवत नाही. मुलगी म्हणते, मी आधी गाडीकडे पाहिलं. तसं असेलही.

नळी खरोखर फुगली होती. फिल्टरकडच्या तोंडाशी ती क्लिपेतून अर्धी मागे आली होती. पुढचा खड्डा लागला असता, किंवा मुलगी पारोळ्याच्या पलीकडे तशीच गेली असती, तर नळी पुरती निघाली असती. तू अलीकडेच का थांबलीस, मी मुलीला विचारलं.

"वास आला," ती म्हणाली. "तुमच्यासारखा. आधी वाटलं, उगीच. मग वाटलं, पप्पा असते तर थांबले असते."

मिस्तरींनी नळी उतरवली, दोन बोटांत दाबून पाहिली आणि मान हलवली. मला वाटलं, आता टोमणा मारतील. ते म्हणाले, "मीपण लावली होती एकदा, माझ्या स्कूटरला. पेटली नाही, एवढंच. पट्टी त्या दिवशीच लावायला पाहिजे होती मी. वायरवर सोडायला नको होतं." मग त्यांनी पिशवीतून काळी रबरी नळी काढली. या वेळी मी नळीवर काय छापलंय ते नीट वाचलं. इंधनासाठी, असं लिहिलेलं होतं, मग दाब. तिथे दाब कमी लिहिलेला होता, वीसपेक्षा पुष्कळ कमी. तरीही तीच बरोबर होती.

ते क्लिप चढवायला लागले तसं मुलीने हात पुढे केला. "चाचा, मला करू द्या. पुढे मलाच करायचंय."

"आवळ. अजून. बस. आता आवळलंस तर नळी कापली जाईल."

पट्टी त्यांनी घरूनच कापून आणली होती. फिल्टर आता जागचा हलत नव्हता. फ्यूज बसवला, किल्ली फिरवली, पंप घुर्र झाला. मुलीने कपटा फिरवला, उजेडात धरला. मीही पाहिला. मिस्तरींनीही पाहिला. ढाबेवाल्यानेही वाकून पाहिला, त्याला काय पाहायचं ते माहीत नसताना.

"कोरडं," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी बसतो तुझ्याबरोबर, जामनेरपर्यंत येतो. तिने बॉनेट खाली ओढून लावलं. मग म्हणाली, "आणि परवा? परवा मी पहूरकडच्या गावांना जाणार आहे नमुने आणायला. तेव्हा कोण बसणार, पप्पा?"

मी तिच्यासाठी दार उघडून धरलं. ती बसली, हात केला आणि गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो. ढाबेवाल्याने वाळूची बादली उचलून आत नेली.

मिस्तरींना पारोळ्यात काम होतं, मी एस.टी.ने परत निघालो. बसमध्ये बसल्यावर मला पेट्रोलचा वास आला. मी खिडकीबाहेर डोकं काढलं, सीटखाली पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय हरवलं का?" वास माझ्या हातांना होता. फुगलेली नळी मी रुमालात गुंडाळून आणली होती, त्या रुमालाला होता. आता तो कुठून येतो आहे हे मला कळण्याचा मार्गच नव्हता. नाक असून नसल्यासारखं झालं होतं.

वाटेत नानांना फोन केला. मी त्यांना दोष देणार नव्हतो. नळीवर छापलेलं वाचून मीच मान डोलावली होती. मी फक्त काय झालं ते सांगितलं.

"पोरगी?" नानांनी विचारलं.

"बरी आहे. पुढे गेली."

"एकलीच?"

"एकटीच."

मग म्हणाले, "मी आते मन्ही मोटरसायकलनी नळी काढी टाकस." आणि फोन ठेवला. वहिनींनी नंतर सांगितलं, त्यांनी ती काढली, मोडून पाहिली तर कडकन मोडली, आणि तो दिवसभर ते मोटरसायकलवर बसले नाहीत.

एरंडोलहून फोन आला, "कोरडं." मी बसमध्येच होतो. जळगावहून फोन आला तेव्हा घरी पोचलो होतो. बायको शेजारी कान लावून उभी होती.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "ओलं आहे."

माझ्या हातातून फोन सुटायचाच बाकी होता.

"माझे हात, पप्पा. आत्ताच धुतले. नळी कोरडी आहे." ती हसत होती. मी हसलो नाही. बायकोने फोन घेतला आणि तिला झापलं, इतकं झापलं, की मला त्यात मध्ये पडावं लागलं.

आता ती दर रविवारी धुळ्याला येते आणि सोमवारी जाते. गाडी चांगली चालते. बरणीतला तो तुकडा मी गच्चीवर उन्हात ठेवला होता. आठवड्याभरात तो वाळला, आकसला आणि नानांच्या नळीसारखा कडक झाला. मोजला, सत्तेचाळीस भरला. तो मी मुलीला दिला. तिने तो गाडीच्या किल्लीला अडकवलाय. मिस्तरी म्हणतात, अशुभ आहे. ती म्हणते, राहू द्या.

सोमवारी ती निघाली की मी गच्चीवर जातो. कुंड्यांना पाणी घालतो, एकदा घातलं तरी पुन्हा घालतो. फोन कठड्यावर ठेवलेला असतो. पारोळ्याचा फोन येईपर्यंत मी बायकोशी बोलत नाही, आणि तिला आता ते कळतं. ती चहा आणून ठेवते आणि माझ्याबरोबर उभी राहते. फोन वाजला की तीच आधी उचलते आणि माझ्याआधी विचारते,

"कोरडं?"